काकूंचं परत आलेलं डेबिट

“ट्रान्सफर म्हणजे तुम्ही पैसे देता. डायरेक्ट डेबिट म्हणजे आम्ही ते घेतो,” मी माइकवरून म्हणालो आणि मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, “दरोडेखोर कुठले!”

सगळा हॉल हसला. मीही हसलो, पण आतून चांगलाच दुखावलो होतो. हे वाक्य मी आरशासमोर उभं राहून पाठ केलं होतं आणि त्यावर टाळी पडेल अशी माझी खात्री होती.

कासलच्या मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता. चर्चचा भाड्याचा हॉल, बाहेर बर्फ, आत तिळगूळ. मी मंडळाचा नवा खजिनदार. जर्मनीत येऊन मला तीन वर्षं झाली होती, जर्मन भाषेची बी-वन परीक्षा नुकतीच काठावर पास झालो होतो आणि आपण कऱ्हाडहून निघालो ते थेट युरोप सुधारायलाच, अशी माझी तेव्हा समजूत होती. सुधारणेची सुरुवात मी मंडळाच्या वर्गणीपासून केली.

माझी तक्रार खरी होती. दर तिमाहीची वर्गणी सभासदांनी बँक ट्रान्सफरने पाठवायची, असा रिवाज होता. ज्याला आठवेल तो पाठवी, ज्याला आठवणार नाही त्याला खजिनदाराने फोन करायचा. पाठवणारे तरी कसे? संदेशाच्या रकान्यात एकाने ‘मोदक’ लिहिलं होतं, दुसऱ्याने नुसतं ‘मी’. हा मी कोण, हे शोधण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती. म्हणून मी पडद्यावर तक्ता लावला. डावीकडे ट्रान्सफर: लांबलचक खातेक्रमांक टाइप करा, तारीख लक्षात ठेवा, चुकून भलत्याला गेले तर त्याच्या हातापाया पडा. उजवीकडे डायरेक्ट डेबिट: एकदाच सही करा, मग दर तिमाहीला मंडळ आपणच पैसे ओढून घेईल, तुम्ही खुशाल झोपा.

“पण आमच्या खात्यात दुसऱ्याने हात घालायचा?” अध्यक्ष मोहोळकरांनी विचारलं.

मी याचीच वाट बघत होतो. “घालू दे की! आवडलं नाही तर आठ आठवड्यांच्या आत बँकेला सांगायचं. कारणसुद्धा द्यावं लागत नाही, पैसे परत. ट्रान्सफरमध्ये आहे का ही सोय? तुम्ही पाठवलेले पैसे गेले ते गेले. आम्ही नेलेले मात्र परत मागता येतात.” मग जरा थांबून मी हसत म्हणालो, “अर्थात आपल्यात असं कोण करणार?”

बँक परत आलेल्या प्रत्येक डेबिटचा दंड मंडळाकडून घेते, म्हणून मी एक नियमही मांडला. वर्षात तीनदा कोणाचं डेबिट परत आलं, तर त्याचं सभासदत्व रद्द. काही गरज नव्हती. पण नियम असला की खजिनदाराला वजन येतं, असं मला वाटत होतं. लोकांना जेवणाची घाई होती. नियम पास झाला.

सगळ्यांत आधी सही करायला आल्या त्या ख्रिस्टाकाकू. ख्रिस्टा परुळेकर. जन्माने इथल्याच जर्मन, सत्तरीच्या, पांढरे केस घट्ट बांधलेले, अंगावर इरकली साडी आणि पायात बर्फाचे बूट. त्यांचे यजमान दिगंबरराव वेंगुर्ल्याचे. इथल्या कारखान्यात इंजिनिअर होते. त्या दोघांनी आणखी चार घरांना जमवून हे मंडळ काढलं होतं. दिगंबरराव जाऊन काही वर्षं झाली होती. काकू मात्र एकही कार्यक्रम चुकवत नसत.

“खंय सही करू रे?” त्यांनी विचारलं.

“हिअर, बिटं, फ्राउ परुळेकर,” मी कमरेत वाकून म्हणालो.

“बरा बोल्लंस हां माइकवर.”

“डांके शोन!” मी म्हणालो. माझा उच्चार साधल्याचा मला इतका आनंद झाला, की काकू सही करून क्षणभर तिथेच उभ्या राहिल्या होत्या, तिकडे माझं लक्षच गेलं नाही. लग्नानंतर सासरे आजारी पडले म्हणून त्या दोन वर्षं वेंगुर्ल्याला राहिल्या होत्या आणि सासूबाईंच्या हाताखाली मराठी शिकल्या होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचं बोलणं अर्धं मालवणी आणि अर्धं दिगंबररावांचं पुस्तकी. पण समोर जर्मन बाई असताना आपण जर्मन बोलायचं नाही, तर परीक्षेचे पैसे भरले कशाला?

त्या गेल्यावर मी गार्गीला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणालो, “बघितलंस? सगळ्यांत पहिली सही. याला म्हणतात जर्मन शिस्त.”

एप्रिलमध्ये पहिली वसुली झाली. सगळ्यांचे पैसे आले. एकच डेबिट परत आलं. जर्मन शिस्तीचं.

माझ्याकडूनच काही आकडा चुकला असणार, असं मला वाटलं. मी काकूंना फोन लावला. बोलायचं ते कागदावर जर्मनमध्ये लिहून ठेवलं होतं.

“गुटेन टाग, फ्राउ परुळेकर,” मी वाचायला लागलो.

“कोण, उन्मेष? काय झाला रे?”

मी वाचत राहिलो. चौथ्या ओळीवर काकूंनी मधेच कसलासा प्रश्न विचारला आणि माझा कागद संपला. त्यापुढचं जर्मन मला कोणी शिकवलं नव्हतं. मी दोनदा अडखळलो आणि शेवटी वैतागून म्हणालो, “अहो काकू, तुमचे पैसे परत आलेत हो! बँकेने परत पाठवलेत!”

“अगो बाई! मग आता?”

“मग आता काय! ट्रान्सफर करा. आणि दंडही द्या, मंडळाला भुर्दंड पडलाय.”

“ओरडतंस कित्याक?”

“ओरडत नाहीये मी!” मी ओरडलो.

मग त्या हसल्या, गार्गीची चौकशी केली, कऱ्हाडला पाऊस किती पडतो विचारलं, आणि वेंगुर्ल्याला केवढा पडायचा तेही सांगितलं. मी त्या नादात आमच्या कृष्णाकाठच्या वांग्यांवर बरंच बोललो. पैसे दंडासकट तासाभरात जमा झाले. ट्रान्सफरने. मी डोक्याला हात लावला.

जुलैत पुन्हा तेच. बाकी सगळे सुरळीत, एकटं काकूंचं डेबिट परत. या वेळी मी बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीनकडे बघून शांतपणे सांगितलं, की यात काहीही बिघाड नाही. खातेदाराने स्वतः पैसे परत मागितलेत.

मी बँकेच्या दारातूनच फोन केला. या वेळी कागद नव्हता.

“काकू, तुम्ही स्वतः पैसे परत मागितले?”

“होय.”

“होय काय? का?”

“तूच सांगितलंस ना, कारण द्यावा लागत नाय म्हणून.”

“अहो, म्हणून काय कोणीही उठून परत मागायचे? तो हक्क चोरांसाठी आहे! आम्ही काय चोर आहोत?”

“मागच्या रांगेत कोणतरी म्हणत होता तसा.”

“काकू, ही चेष्टा नाहीये! आता ऑक्टोबरात परत असं केलंत तर तुमचं नाव निघेल मंडळातून. तुम्ही काढलेल्या मंडळातून! दिगंबररावांना काय वाटलं असतं?”

हे मी बोलायला नको होतं. पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग काकू म्हणाल्या, “ये एकदा घरी. घावणे करतंय.”

“मला घावणे नकोत, मला वर्गणी हवीय!” मी फोन बंद केला. संध्याकाळच्या आत वर्गणी आली. दंडासकट, ट्रान्सफरने, संदेशाच्या रकान्यात नाव, तिमाही, सगळं नीट. माझ्या डोक्याचा भुगा झाला. बाईंना पैसे द्यायचे आहेत. वेळेवर द्यायचे आहेत. फक्त मला ते घेऊ द्यायचे नाहीत.

“म्हाताऱ्या आहेत, असेल विसराळूपणा,” गार्गी म्हणाली.

“विसराळू माणूस पैसे द्यायला विसरतो. परत मागायला कोण लक्षात ठेवतं?”

“मग तुझा राग असेल.”

हे मला पटलं. माझा राग यावा इतकं माझं काम मोठं आहे, हे ऐकून बरंही वाटलं. मी मोहोळकरांना भेटलो. ते जर्मनीत तीस वर्षं मुरलेले, मूळचे पंढरपूरकडचे, आवाज पहाडी पण वागणं फार जपून. ते म्हणाले, “नियम तुझा आहे, शिराळकर. तिसऱ्यांदा आलं तर सभेपुढे ठेवावं लागेल. पण मला ते करायला लावू नकोस. त्या बाईंनी मला इथे पहिलं घर शोधून दिलंय.”

मलाही ते नकोच होतं. काकूंना दुसरं होतं काय? मुलगी दूर नॉर्वेत, घर रिकामं, आणि वर्षातले मंडळाचे चार-पाच कार्यक्रम. म्हणून मी सप्टेंबरात त्यांना एक अत्यंत नम्र ईमेल लिहिलं. जर्मनमध्ये, शब्दकोश घेऊन. त्यात त्यांच्या वयाचा आदर होता, नियमाचा खेद होता आणि कृपया या वेळी डेबिट परत करू नये, अशी विनंती होती. त्याचं उत्तरही आलं नाही.

ऑक्टोबरात तिसरं डेबिट परत आलं. बातमी मला नेमकी दिवाळी संमेलनाच्या दिवशी सकाळी कळली. संध्याकाळी आधी सभा, मग फराळ. मी गार्गीला काही न सांगता सायकल काढली आणि काकूंच्या घरी गेलो.

त्यांनी दार उघडलं तेव्हा आत तव्याचा वास येत होता.

“ये. बूट काढ.”

“मी बसायला आलो नाहीये.”

“मग उभ्यानं खा.”

मी बूट काढले आणि तसाच स्वयंपाकघरात उभा राहून सुरू झालो. सायकलवर येताना सगळी तयारी झाली होती. “काकू, तुम्हाला कळतंय का काय केलंत? आज संध्याकाळी सगळ्यांसमोर तुमचं नाव वाचलं जाणार आहे. सगळ्यांसमोर! माझी फजिती करायची होती ना? झाली. पोटभर झाली. आता मला सांगा, माझं काय चुकलं? मी तुमच्याशी कधी एका शब्दाने वाकडं वागलो? तुमच्यासाठी खुर्ची आणतो, तुमचा कोट धरतो, ईमेल लिहायला माझी रात्र गेली—”

“ता ईमेल मी वाचूक नाय.”

“वाचलं नाही? शब्द न् शब्द शोधून लिहिलं होतं मी!”

“म्हणूनच नाय वाचला.”

“म्हणजे? का हा छळ मांडलाय तुम्ही माझा? नसेल आवडत डेबिट तर नाही म्हणायचं होतं. तोंड आहे ना तुम्हाला? एवढं चांगलं मराठी बोलता—”

काकूंनी गॅस बंद केला. त्या माझ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा बघून माझं पुढचं वाक्य राहूनच गेलं. मला वाटलं होतं त्या घाबरल्या असतील किंवा रागावल्या असतील. त्या मन लावून ऐकत होत्या.

“थांबलंस कित्याक? बोल की.”

“काय बोलू?”

“हेच. रागावलास की तू मराठी बोलतोस.”

मी खुर्चीवर बसलो.

“सावंत होता ना तुझ्या आधी खजिनदार, मालवणचो,” त्या घावणा माझ्या ताटात ठेवत म्हणाल्या. “मी मुद्दाम वर्गणी पाठवायची नाही. मग त्याचा फोन. ‘काकी, पैसे खंय?’ नुसत्या शिव्या घालायचा, मग तासभर गजाली. तो मुलाकडे कॅनडाला गेला. मग तू आलास, नि म्हणालास आता फोन करायची गरज नाही, आपोआप पैसे जातील. मी म्हटलं, झालं! आता मला फोनच येणार नाही. मग तू ते परत मागायचं सांगितलंस. मी लगेच सही केली.”

“पण मंडळात इतके लोक भेटतात की!”

“भेटतात. मी मराठीत विचारते, कसं काय? ते म्हणतात, गुट, डांके. तू पण. तुझी बायको चांगली पोरगी आहे, ती इंग्रजीत बोलते. दिगंबर असताना लोक त्याच्याशी मराठी बोलायचे, तेव्हा मी बाजूला बसून मधे बोलायची. तो गेला नि सगळ्यांना मी एकदम जर्मन दिसायला लागले.”

“अहो, आम्ही तुम्हाला मान म्हणून—”

“ठाऊक आहे. मान म्हणूनच.” त्यांनी पदराने हात पुसले. “वेंगुर्ल्याला गेले तेव्हा पहिले सहा महिने सगळे मला असाच मान द्यायचे. खुर्ची द्यायचे. हळू बोलायचे. मी रात्री रडायची. मग एक दिवस मी तांदळाचं पीठ सांडलं आणि सासू ओरडली माझ्यावर. अशी ओरडली, की शेजारच्या बायका गोळा झाल्या. मला अर्धं कळलं नाही. पण मी दिगंबरला म्हटलं, आता मी इथली झाले. पाहुण्याशी कोण भांडतं? नाही भांडत. तुम्ही कोणी माझ्याशी भांडत नाही.”

“मग सांगायचं होतं ना, माझ्याशी मराठीत बोला म्हणून.”

“सांगायचं?” त्या पहिल्यांदाच चिडल्या. “पंचेचाळीस वर्षं मी ही भाषा बोलतेय. आता काय भीक मागू?”

मला फार वाईट वाटलं. लाजही वाटली. काहीतरी म्हणायला हवं होतं म्हणून मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून काय यावं? “एन्टशुल्डिगुंग.” माफीसुद्धा जर्मनमध्ये.

काकूंनी कपाळावर हात मारला. “खा मेल्या,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळी हॉल गच्च भरला होता. मोहोळकरांनी कागद हातात घेतला, घसा खाकरला आणि काकूंना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तो विषय सावकाश, स्वच्छ जर्मनमध्ये मांडला. काकू पुढच्या रांगेत बसल्या होत्या.

“मराठीत बोल रे,” त्या म्हणाल्या.

मोहोळकर प्रेमाने हसले आणि जर्मनमध्येच पुढे बोलत राहिले. लोक चुळबुळू लागले. नाव काढावं असं कोणालाच वाटत नव्हतं. एक जण म्हणाला, “इट्स ओके, काकू, नो प्रॉब्लेम.” एका बाईंनी जर्मनमध्ये सांगितलं, की वयोमानाने असं होतं, आम्ही समजू शकतो. दुसऱ्याने सुचवलं, की काकूंना मानद सभासद करून वर्गणीच माफ करावी. लगेच टाळ्या पडल्या. काकू मान खाली घालून साडीच्या काठाशी चाळा करत होत्या. वर्गणी माफ म्हणजे यापुढे कसला फोन नाही, कसला राग नाही, कायमची खुर्ची. ते ओळखणारा त्या हॉलमध्ये मी एकटा होतो आणि मी नेमका खजिनदार होतो.

मी उठलो. “प्रॉब्लेम आहे!” मी ओरडलो. “काही माफबिफ करायचं नाही! वयोमान कसलं? या बाईने तीनदा जाणूनबुजून पैसे परत मागून मला हेलपाटे घालायला लावलेत. विचारा तिला! काकू, उठा आणि सगळ्यांना सांगा, का परत मागितले पैसे!”

गार्गीने माझा सदरा ओढला. “अरे, वेडबिड लागलंय का तुला?”

काकूंनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मग त्या उठल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “माझे पैसे, मी परत मागीन! तू कोण रे इचारणारो?”

“मी खजिनदार!”

“खजिनदार! ट्रान्सफरचो एक कागद वाचूक येणा नाय, म्हणे खजिनदार!”

मग मात्र बांध फुटला. “उन्मेष, लाज वाटत नाही, म्हाताऱ्या बाईशी असं बोलतोस?” असं कोणीतरी मराठीत ओरडलं. “पण काकूंचंही चुकलंच की!” असं दुसऱ्याने. वयोमानवाल्या बाई जर्मन विसरल्या आणि थेट काकूंनाच म्हणाल्या, “अहो पण असं कशाला करायचं, काकू? दंड मंडळाला बसतो ना!” “दंड मी भरलंय, तुझ्या घोवान नाय!” काकू म्हणाल्या. कोणी त्यांच्या बाजूने, कोणी माझ्या बाजूने, कोणी आधी फराळ करून घ्या म्हणत, सगळा हॉल एकदम बोलत होता आणि काकू प्रत्येकाला उत्तर देत होत्या, एकालाही सोडत नव्हत्या. त्यांचा अंबाडा सुटला होता. त्या गोंधळात दहा जणांनी तरी मला नालायक ठरवलं. काही घरांत आजही माझं तेच नाव आहे.

मोहोळकर टेबलावर हात आपटत होते. त्यांचं कोणी ऐकेना. शेवटी त्यांचा तोल सुटला आणि पंढरपूरचा तो पहाडी आवाज पहिल्यांदाच त्या हॉलमध्ये निघाला.

“ए म्हातारे! बस की गं खाली! किती बोलशील?”

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. मोहोळकरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांचा हात टेबलावर तसाच राहिला. ते काहीतरी जर्मन पुटपुटायला लागले, बहुधा माफीचंच.

“बसतंय रे, बसतंय,” ख्रिस्टाकाकू म्हणाल्या. त्या खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून सगळ्यांसमोर हमसाहमशी रडल्या. शेजारच्या बाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत त्यांना मराठीतच विचारलं, की पाणी हवंय का.